पहिल्या सेल्फची अट

बदलापूरला थंडी पडते, याचा इथल्याच सोनिवली गावच्या आम्हा लोकांना कोण अभिमान! पारा जरा उतरला की मोबाइलवर आकडे फिरायला लागतात. मग मुंबईच्या नातेवाइकांना मुद्दाम फोन करून, "तुमच्याकडे अजून पंखेच ना?" असं विचारलं जातं. माणसांनी स्वेटर घातलेले मी समजू शकते. आमच्या घरी यंदा गाडीलाही पांघरूण मिळालं.

गाडी माझ्या सासऱ्यांची, दौलतरावांची. जुनी, पांढरी आणि त्यांच्याइतकीच हट्टी. गेल्या थंडीत माझ्या भावाच्या साखरपुड्याच्या सकाळी तिने ऐनवेळी मान टाकली. आम्ही सगळे जरीच्या कपड्यांत अंगणात उभे, बाबा सेल्फ मारतायत आणि गाडी नुसती कण्हतेय. शेवटी रिक्षा करून गेलो आणि पेढे संपल्यावर पोहोचलो. माझ्या नवऱ्याने, सुयोगने, ते मनात धरून ठेवलं. यंदा दिवाळीचा कंदील उतरवता उतरवता त्याने जाहीर केलं.

"बाबा, या थंडीत एक दिवस जरी गाडी पहिल्या सेल्फला उठली नाही, तर विकायची. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. तुमच्या मोबाइलमध्ये टॅक्सीचं ॲप टाकून देतो."

"आता चिखलोलीला जायला मी ॲपला विचारू?" बाबा म्हणाले.

चिखलोलीला सासूबाईंची बहीण राहते. दर रविवारी बाबा आईंना घेऊन जातात आणि वाटेत दोघं कुठेतरी भजी खातात, जी डॉक्टरांना चालत नाहीत. गाडी आहे तोवर आपण घरातले कर्ते, आणि गाडी गेली की सोफ्यावरचा म्हातारा, असं त्यांनी मला एकदा चष्मा पुसत पुसत सांगितलं होतं. तरी अट त्यांनी मान्य केली. शब्द दिला की दिला, हा त्यांचा आणखी एक हट्ट.

मग तयारी सुरू झाली. बाबा मोबाइलवर बर्फाच्या देशांतले व्हिडिओ बघायला लागले. तिकडे लोक फावड्याने गाडी उकरून काढतात. ते बघून बाबा बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुऊन तिथे व्हॅसलीन चोपडायचे. माझ्या पायांच्या भेगांचं व्हॅसलीन. वायपर बदलले, टायरात हवा भरली, सकाळचं ऊन बॉनेटवर यावं म्हणून गाडी पूर्वेकडे तोंड करून लावली. इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून कूलंट आणायला मला बरोबर घेऊन उल्हासनगरला गेले. तिथल्या धर्मेशभाईंनी हिरवा डबा समोर ठेवला.

"साईं, ये माइनस चालीस तक जमेगा नहीं."

"बाबा, सोनिवलीत उणे चाळीस कधी होणार?" मी विचारलं.

"झालं तर?" बाबा म्हणाले, आणि धर्मेशभाईंनी त्यांच्याकडे फार आदराने पाहिलं.

एवढ्यावर थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण बाबांनी पूर्वी कोंबड्या पाळल्या होत्या. थंडीत नवी पिल्लं दगावू नयेत म्हणून खुराड्यात पिवळा बल्ब लावून ठेवायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी खुराड्यातला तोच बल्ब काढला, वायर लांबवली आणि रोज संध्याकाळी बॉनेटखाली टांगायला लागले. वरून गोधडी. घरात आम्ही एकेक पांघरूण ओढून घेत होतो, आणि आईंची सगळ्यात जाड गोधडी गाडीवर.

"एक दिवस आग लागेल," सुयोग चिडला.

"कोंबड्यांना कधी लागली नाही," बाबा म्हणाले.

आणि खरं सांगते, गाडी रोज पहिल्या सेल्फला उठायची. बाबा मुद्दाम आमच्या खिडकीखाली ती घुर्र घुर्र करत ठेवायचे. सुयोग चहात तोंड घालून बसायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी पारा असा काही घसरला की गावाच्या ग्रुपवर लोक एकमेकांचं अभिनंदन करायला लागले. "आज माझ्यासमोर," सुयोग म्हणाला. आम्ही सगळे अंगणात जमलो. बाबांनी दाढी केली होती, कानटोपी नीट बसवली होती. गोधडी काढली, बल्ब काढायला बॉनेट उघडलं, आणि तसेच उभे राहिले.

बॅटरीशेजारच्या खोबणीत शेजारची करडी मांजर पसरली होती. तिच्या पोटाशी तीन पिल्लं, उंदराएवढी, डोळे मिटलेली. बल्बचा पिवळा उजेड नेमका त्यांच्यावर.

"हुस्स," सुयोग म्हणाला.

"ए! हात नाय लावायचा!" आईंनी त्याला मागे ओढलं. "बाळंतीण हाय ती. सव्वा महिना जाग्यावरून हलवायची नाय."

"आई, मांजराला कसला सव्वा महिना?"

"तू झालास तवा मला कोणी थंडीत बाहेर काढलं होतं का?"

पण सुयोगही त्यांचाच मुलगा. "ठीक आहे. म्हणजे गाडी आज सुरू झाली नाही. अट अट आहे."

मला वाटलं, बाबा भांडतील. त्यांनी खिशातून किल्ली काढली, सुयोगच्या हातात ठेवली आणि कानटोपीसकट आत जाऊन सोफ्यावर बसले. इतकं ऊबदार घर करून दिलं म्हणूनच मांजर आली, हे त्यांना कळत होतं. मला त्या क्षणी सुयोगचा असा राग आला की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. मुकेश, अंबरनाथ पश्चिमेचा, साधा माणूस. इंजिन बघतो म्हणाला. आईंनी बॉनेट उघडून दाखवलं आणि सगळं समजावलं. "न्या की गाडी. पण बाळंतिणीसकट न्या, नी सव्वा महिना सुरू करू नका."

मुकेशने पिल्लांकडे पाहिलं आणि पटकन हात मागे घेतले. "नको काकी. माझ्या मिसेसचे पण दिवस भरत आलेत. असल्या टायमाला व्यालेलं जनावर हलवून पाप कोण घेणार? होऊ द्या सव्वा महिना, मग बघू."

सुयोग हताश झाला. बाबा मात्र बॉनेटला कान लावून, "शांत आहेत," असं सांगून आत गेले.

चार-पाच दिवसांनी मी भर दुपारी रिकाम्या खुराड्यात गोवऱ्या आणायला गेले, तर मांजर पिल्लांसकट तिथे गवतावर लोळत होती. मी धावत सांगायला आले. आई गाडीखाली दुधाची वाटी ठेवत होत्या.

"आई, मांजर खुराड्यात गेलीय!"

"पहिल्याच दिशी रातच्याला गेली."

"मग हे दूध?"

आईंनी गोधडी बॉनेटवर नीट सारखी केली. "ही गाडी गेली तर ते सोफ्यावरून उठायचे नायत, शलाका. नी मला रविवारची भजी लागतात. तू काय बघितलंस?"

"काही नाही," मी म्हणाले. दूध रोज गल्लीतला कुत्रा पीत होता. त्याची तब्येत फार सुधारली.

सव्वा महिना सरला तोवर उन्हं कडक झाली होती. मुकेशला मुलगी झाली, पेढे देऊन गेला, आणि मांजरीच्या पायगुणाने सगळं सुखरूप झालं म्हणून ही गाडी मोडू नका असं बजावून गेला. त्या रविवारी आईंनी सुयोगसमोर हात पसरला. त्याने मुकाट्याने किल्ली दिली.

बाबांनी बॉनेट उघडलं, रिकामी खोबण बघून हळहळले, मग आईंना शेजारी बसवून सेल्फ मारला. काहीच नाही. पुन्हा मारला. सव्वा महिना बसून बॅटरी पार उतरली होती.

सुयोगचा चेहरा खुलला. "बघितलंत? पहिल्या सेल्फला—"

"अट थंडीची होती," आई काचेतून म्हणाल्या. "आता घाम येतोय. धक्का मार."

सुयोगने माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचला. दोघांनी मिळून गाडी फाटकाबाहेर ढकलली, पार उतारापर्यंत. एक गचका, भकाभक धूर, आणि गाडी उठली. आम्ही घामाने थबथबून रस्त्यात उभे. सुयोगला वाटलं, बाबा थांबतील, निदान हात तरी करतील. गाडी मागे न बघता भज्यांच्या दिशेने निघून गेली.