परीक्षेच्या दिवशीची सहल

विभागप्रमुखांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली, तेव्हाच खरं तर बाईंच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. एरवी ते समोरच्याला उभ्याउभ्याच कटवायचे. त्या दिवशी त्यांनी बसा म्हटलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "तुम्ही मागे जलशुद्धीकरण केंद्राच्या सहलीचं म्हणत होतात ना? जा घेऊन. येत्या शुक्रवारी."

बाई विभागात सगळ्यात नव्या. पर्यावरण रसायनशास्त्र शिकवायच्या. कायम व्हायच्या होत्या अजून, आणि ती फाईल सरांच्याच टेबलावर पडून होती. ही सहल त्यांनी दोनदा मागितली होती आणि दोन्ही वेळा 'निधी नाही' असं उत्तर घेऊन परत आल्या होत्या. आता बस, जेवण, केंद्राची परवानगी, मुलांची यादी, सगळं तयार!

"पण सर, हा तुलना परीक्षेचा आठवडा आहे."

"तुमच्या मुलांची पुढच्या मंगळवारी ठेवलीय. ते मी बघतो."

त्या आठवड्यात विद्यापीठात दुसरा विषयच नव्हता. दरवर्षी सगळ्या सरकारी विद्यापीठांना एका रांगेत उभं करायचे आणि कोण पुढे, कोण मागे ते जाहीर करायचे. निम्मे गुण शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या सामाईक परीक्षेचे, निम्मे नावलौकिकाचे. नावलौकिक म्हणजे बाहेरची समिती येऊन शिक्षकांशी बोलायची, आणि शिवाय दुसऱ्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना विचारायची की तुमच्या मते चांगलं कोण. गेल्या वर्षी नदीपलीकडचं विद्यापीठ एका पायरीने वर गेलं होतं, आणि इथल्या साहेबलोकांच्या नाकाला झोंबलेल्या मिरच्या अजून शमल्या नव्हत्या.

घरी बाईंनी मोठ्या उत्साहाने सहलीची बातमी सांगितली. नवरा विमा कंपनीत दावे तपासायचा. जळालेलं दुकान खरंच जळलं की जाळलं, हे शोधणं हे त्याचं पोट भरण्याचं साधन, त्यामुळे घरात दूध नासलं तरी तो आधी 'कधीपासून?' असं विचारायचा.

"दोनदा नाही म्हणाला आणि आता बोलावून देतोय?" भाजी चिरता चिरता तो म्हणाला. "चहासकट? कुठंतरी पाणी मुरतंय."

"तुला सगळीकडे चोरच दिसतात."

"चोर नाही गं. मी एवढंच विचारतो, की यात त्याचं काय साधतंय?"

"माझं काम चांगलं वाटलं असेल त्यांना. तेवढं होऊच शकत नाही का?"

नवऱ्याने मान खाली घालून पुन्हा भाजी चिरायला घेतली. तेच बाईंना जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी बस निघाली. बाईंनी खाऊची पाकिटं वाटायला घेतली आणि मागच्या रांगेकडे जाता जाता त्यांचा वाटण्याचा वेग मंदावला. पहिल्या बाकावर आजोबा होता; त्याचं हे शेवटच्या वर्षाचं तिसरं वर्ष, म्हणून पोरांनी त्याला ते नाव ठेवलेलं. त्याच्या मागे प्रयोगशाळेत दर आठवड्याला काहीतरी फोडणारी जोडगोळी. खिडकीशी मौनी, जी वर्गात कधी तोंड उघडायची नाही आणि तोंडी परीक्षेत हमखास गुण घालवायची. एकेक चेहरा बघत बाई गेल्या. पुढच्या बाकांवर बसणारी, हात वर करणारी, उत्तरपत्रिकेला पुरवण्या जोडणारी पोरं? एकही नाही.

'नवऱ्याचा संसर्ग झालाय मला,' असं स्वतःलाच बजावून त्या जागेवर जाऊन बसल्या. पण पाकीट फोडायची इच्छा राहिली नाही.

केंद्रावरचा अभियंता हौशी होता. गाळ खाली बसवायच्या मोठ्या गोल टाकीपाशी उभा राहून तो सांगत होता, "आधी जड ते बाजूला काढायचं, मग वरचं स्वच्छ पाणी पुढे. लोकांना पुढचं पाणीच दिसतं, गाळ कुणी बघायला येत नाही. तुम्ही आलात, बरं वाटलं."

मुलं हसली. बाईंना हसू आलं नाही. त्या मौनीजवळ सरकल्या.

"तुझी ती मैत्रीण, नेहमी तुझ्याशेजारी बसते ती, नाही आली?"

"तिची आज तुलना परीक्षा आहे ना, मॅडम. आमच्या गटाची मंगळवारी."

"गट कुणी पाडले?"

"सरांनी. वर्गात येऊन नावं वाचली." मौनीने खाली टाकीकडे बघितलं. "हुशार मुलांची आधी घेतात, असं म्हणाले."

बाई टाकीच्या कठड्यापासून लांब गेल्या आणि त्यांनी मामेबहिणीला फोन लावला. ती नदीपलीकडच्या विद्यापीठात शिकवायची.

"ताई, तुमच्याकडे तुलना परीक्षा कधी?"

"आज. सगळीकडे आजच असते, सकाळी एक तुकडी, दुपारी एक. का गं?"

"मंगळवारी नाही?"

"मंगळवारी कसली! समिती आज संध्याकाळी परत जाते. अगं, पण तू फोनवर कशी? आज शिक्षकांच्या मुलाखती असतात. तुला नाही बसवलं?"

बाईंनी कसंबसं सांगितलं की मी सहलीवर आहे, वर्गातली कच्ची मुलं घेऊन. मग ताई हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

"तुमच्याकडे सहल का? विद्यापीठाच्या सहलीवर असलेला मुलगा गैरहजर धरत नाहीत, त्याचा शून्य सरासरीत येत नाही, बरोबर. आमच्याकडे अर्ध्या वर्गाला एकदम ताप आलाय. डॉक्टरच्या सहीसकट."

फोन ठेवल्यावर बाई तिथेच पाइपावर बसल्या. मुलांना बाजूला काढलं हे तर होतंच. पण बस भरायला जसा आजोबा लागला, मौनी लागली, तशाच त्याही लागल्या होत्या. समितीपुढे बसवायला नको, कच्च्या पडतील, म्हणून त्यांनाही त्याच गाडीत घातलं होतं. आणि त्यांनी काय केलं होतं? आनंदाने दोनदा आभार मानले होते.

त्यांनी सरांना फोन केला.

"हे बघा, आवाज चढवू नका," सर म्हणाले. "पोरांना उगाच ताण कशाला? त्यांना सहल मिळाली, तुम्हाला हवं ते मिळालं. सगळे खूष."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी मी एक छोटी चाचणी घेतो. त्यांना काय कळतंय?" मग सर अगदी प्रेमाने म्हणाले, "तुमची कायम होण्याची फाईल माझ्यासमोरच आहे. मी काही म्हणत नाही, नुसतं सांगतोय."

खोटं कशाला बोला, बाईंच्या मनात आलं होतं की गप्प बसावं. केंद्र बघून व्हावं, जेवण व्हावं, संध्याकाळी बस परत जावी. कुणाला काही कळलं नसतं. पण त्या मुलांकडे वळल्या तर सगळी त्यांच्याकडेच बघत होती. मौनीने काहीतरी ओळखलं होतं आणि ते दुसऱ्यांना सांगितलं होतं. वर्गात कधी न बोलणारी मुलगी.

"मॅडम, परीक्षा आजच आहे ना?" आजोबाने विचारलं.

"आजच आहे."

"आणि आम्हाला मुद्दाम आणलंय."

"हो. आणि मलाही."

जोडगोळीतला एक चिडून म्हणाला, "मग बरंच आहे की! नाहीतरी मला येणार नव्हतं काही. जेवून जाऊ." दुसऱ्याने मान डोलावली. एक मुलगी रडायला लागली. कुणी म्हणालं, परत जायचं आणि तोंडावर आपटायचं, म्हणजे सरांचंच खरं झालं. बराच वेळ नुसती तोंडाला तोंडं लागली होती. शेवटी आजोबा म्हणाला, "आयुष्यात नापास बऱ्याचदा झालो मी. पण प्रत्येक वेळी पेपर देऊन झालो. न देता नापास व्हायचं म्हणजे अतीच झालं."

त्यावर सगळे हसले आणि बसकडे निघाले.

ड्रायव्हर सीटवर पाय पसरून पेंगत होता. त्याला संध्याकाळी परत यायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "फोन करून विचारू का सरांना?" बाई म्हणाल्या, "गाडी माझ्या सहीवर निघालीय ना? माझ्याच सहीवर परत चला." त्याने खांदे उडवले आणि किल्ली फिरवली.

दुपारची तुकडी आत सोडत होते तेव्हा सगळे पोचले. परीक्षेच्या सभागृहाच्या दारात समितीची एक वयस्क सदस्या ओळखपत्रं तपासत होती. तिच्या मागे विभागप्रमुख उभे. बसमधली पोरं आत शिरताना बघून त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला, पण फक्त पापणी लवेपर्यंत.

"ही मुलं सहलीवर होती असं तुम्ही सांगितलं होतं," ती सदस्या म्हणाली.

"होती ना!" सर म्हणाले. "सहल अर्ध्यावर टाकून परीक्षेला आलीत. बघा ही निष्ठा! हे आमच्या विद्यापीठाचे संस्कार आहेत, मॅडम."

बाई दारात उभ्या राहून बघतच राहिल्या. गिळलेलं विषसुद्धा हा माणूस सरबत म्हणून विकेल, असं त्यांना वाटलं. समितीची सदस्या कधी सरांकडे तर कधी बाईंकडे बघत होती. मग तिने पुढचं ओळखपत्र हातात घेतलं. तिला काय कळलं आणि काय नाही, हे बाईंना पुढे कधीच समजलं नाही.

निकाल लागला तेव्हा विद्यापीठ आणखी एका पायरीने खाली आलं होतं. नदीपलीकडचं वर गेलं होतं. तिथे परीक्षेला बसलेल्यांचा आकडा बघून बाईंच्या नवऱ्याने नुसती भुवई उंचावली, आणि या वेळी बाईंनी त्याला गप्प केलं नाही. कायम होण्याची फाईल 'प्रशासकीय कारणास्तव' पुढच्या वर्षावर गेली. सर कॉरिडॉरमध्ये भेटले की आता भिंतीकडे बघून चालायचे. दोन सहकाऱ्यांनी चहाला बोलावणं सोडलं. एकाने मात्र जिन्यात गाठून हळूच म्हटलं, "बरं केलंत." हे मनापासून की काही काढून घ्यायला, हे ठरवता न आल्यामुळे बाई नुसतं हसल्या. पूर्वी त्या अशा नव्हत्या.

आजोबा नापास झाला आणि त्याने पेढे वाटावेत तसं ते सगळ्यांना सांगितलं. जोडगोळी काठावर पास झाली. मौनीला मात्र चांगले गुण मिळाले होते, पुढच्या बाकांवरच्या पुष्कळांपेक्षा जास्त. लेखी परीक्षेत बोलावं लागत नव्हतं.

ती दुपारी शिक्षकांच्या खोलीत आली. गुणपत्रक हातात होतं, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"मॅडम, हे गुण खरे आहेत ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे विभागाने वाढवून नाही ना दिले? आधी आम्हाला लपवलं, आता..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून नका सांगू."

वर्षभरापूर्वी बाई म्हणाल्या असत्या, अगं, काहीतरीच काय! आता ते शब्द त्यांच्या तोंडी आले नाहीत. या मुलीला त्यांनी स्वतः बसमध्ये बसवून नेलं होतं. त्यांच्या शब्दावर हिने विश्वास का ठेवावा?

त्यांनी कपाटातून परीक्षेची प्रश्नपत्रिका काढली, कोरे कागद दिले आणि समोरची खुर्ची रिकामी केली.

"सोडव पुन्हा. मी काही बोलणार नाही."

मौनी सोडवायला बसली. मधे घंटा झाली, खोलीतले दोघेतिघे तासाला निघून गेले. बाई वह्या तपासत राहिल्या. एकदा मौनी अडली आणि तिने वर बघितलं. बाईंनी मान उचलली नाही. पोरीने ओठ चावला, खोडलं, पुन्हा लिहिलं. पाचवा प्रश्न संपवून तिने उत्तर दोनदा पडताळून पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"हे बरोबर आहे," ती म्हणाली.