गजाला खोबरेल

मित्रांनो, तुमच्यापुढं आज एक म्हातारं व्हायोलिन बोलतंय. माझ्या पोटात डोकावलंत तर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली दिसेल. तिच्यावर परदेशातल्या कुठल्याशा गावाचं नाव छापलंय. खरं तर माझा जन्म कलकत्त्याच्या एका गल्लीत, भज्यांच्या गाड्यामागं झाला. पण चिठ्ठी वाचून कुणी हात जोडले तर मी त्याला अडवत नाही.

तरुणपणी मी साताऱ्याच्या एका ऑर्केस्ट्रात होतो. कोरेगावातल्या एका लग्नात मी पाठवणीला असा वाजलो, की नवरीच्या आधी नवरदेव रडला आणि आचाऱ्याच्या आसवांनी आमटी खारट झाली. पुढं गावोगाव कीबोर्ड आले आणि मी ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरी कपाटावर चढलो. माझ्यावर इतकी धूळ बसली की एका पावसाळ्यात तिच्यात मेथी उगवली. पानं बारीक होती, पण होती.

शेवटी ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरच्यांनी मला सांगलीच्या क्षमाताईंच्या शिकवणीला देऊन टाकलं. ज्याला नवं व्हायोलिन झेपत नाही त्याला त्या मला वापरायला देत. असेच एक दिवस दादासो आले.

दादासो फौजेतून निवृत्त झालेले, आता सांगलीत एका बँकेच्या दारावर पहारा करणारे. घर कवठे महांकाळजवळच्या वस्तीवर. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. वय पन्नाशीच्या पलीकडं. बँकेसमोरच शिकवणी होती. पहाऱ्यावर उभं राहून ऐकता ऐकता या माणसाला माझी ओढ लागली. गुडघे इतके ताठ की मांडी घालून बसताना त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा यायचा.

खर्च त्यांनी बेतानं भागवला. हनुवटीखाली जुन्या टॉवेलची घडी. कुठला सूर कुठं हे कळावं म्हणून माझ्या मानेवर त्यांनी बायकोच्या टिकल्या चिकटवल्या.

"आवं, माझ्या कपाळाला ऱ्हाऊ द्या की दोन," राणीवहिनी म्हणाल्या. "त्याचं काय लगीन लावताय?"

रियाजाचं सांगू? पहिल्या दिवशी मी असा किंचाळलो की दूर उंब्रजच्या हायवेवर ट्रकवाल्यांनी गाड्या थांबवून ब्रेक तपासले. वस्तीवरची माणसं हसायला लागली. आप्पासो नावाचे शेजारी तर रोज कुंपणावरून विचारायचे, "दादासो, बोकड कापताय व्हय? आमचा वाटा ठेवा, गड्या."

 दुसऱ्या दिवसापासून दादासोंनी माझ्या तारांखालच्या पट्टीला कपड्यांचे चिमटे लावले, म्हणजे माझा घसा बसावा. तारांवरून गजही ते असा फिरवायचे, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरून पदर सरकवतायत. गज घसरायचा, सा थरथरायचा. महिने गेले, तरी थरथरायचाच.

एक दिवस क्षमाताई म्हणाल्या, "दादासो, राग मानू नका. द्यायला माझ्याकडं हे एकच आहे, आणि ज्ञानदा रांगेत आहे. दसऱ्याला सगळ्यांसमोर एक सा लावा. एका दमाचा, सरळ. थरथरला तर व्हायोलिन तिला जाईल."

ज्ञानदा आठ वर्षांची. ती माझ्याकडं अशी बघत होती, जशी मुलं दुकानातल्या सायकलीकडं बघतात.

"बरुबर हाय, म्याडम," दादासो म्हणाले.

आता खंडेनवमीचं ऐका. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून पुजतात. दादासोंच्या आई, बयाबाई, हे काम कुणाला करू देत नाहीत. त्यांनी विळे धुतले, कुऱ्हाड धुतली, मेंढ्यांची लोकर कातरायची कातर धुतली. मग माझा गज हातात घेतला. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात, आणि ते तारेला धरावेत म्हणून त्यांना राळ, म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, चोळलेली असते. तिची पांढरी भुकटी केसांवर बसलेली असते.

दसऱ्याला सकाळी दादासोंनी गज ओढला. आवाज नाही. पुन्हा ओढला. मी तोंड मिटून गप्प. केसांना हात लावला, तर बोटं तुळतुळीत.

"आये, ह्याला काय लावलंस?"

"खोबरेल. लय कोंडा झालता रं. आदी शिककाईनं धुतलं."

दादासो खाली बसले. राणीवहिनींनी हळूच सगळं समजावून सांगितलं, तेव्हा बयाबाईंचा चेहरा उतरला. मग त्या उठल्या आणि कातर घेऊन दावणीकडं निघाल्या. मेंढरांमागं बिऱ्हाड वाहणारी घरची घोडी तिथं बांधलेली होती. काळीभोर.

"केसच पायजेत न्हवं? हिच्या शेपटीला काय तोटा हाय?"

जन्मभर लोकर कातलेली बाई ती. केस विंचरले, सारखे केले, दोन्ही टोकांना सुतानं आवळले. दादासोंनी ते गजात बसवले आणि उरलीसुरली सगळी राळ त्यांवर घासली.

पण काळा केस जाड, राठ. हळू ओढला तर तो बोलतच नाही. बाळाच्या अंगावरून फिरवल्यासारखा दादासोंनी फिरवून बघितला. मी नुसता खरखरलो. सांगलीची गाडी धरायची होती. दादासोंनी चिमटे काढून फेकले, दात आवळले आणि नांगर दाबावा तसा गज दाबला. कुंपणापलीकडं आप्पासोंच्या हातातला चहा हिंदकळला. आज त्यांनी बोकडाचा वाटा मागितला नाही.

शिकवणीत सगळे बसले होते. दादासोंची पाळी आली. कपाळावर घाम. त्यांनी गज टेकवला, दाबला आणि ओढला.

माझा सा जाडाभरडा निघाला, घोंगड्यासारखा. पण मित्रांनो, तो सरळ होता. इतका सरळ की कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून चालणारी माणसं म्हणे त्याच्या रेषेत चालू लागली. गज टोकाला पोचला तरी तो हलला नाही.

क्षमाताईंनी मिटलेले डोळे उघडले. "आवाज रानटी आहे," त्या म्हणाल्या. "पण सा आहे. ठेवा तुमच्याकडं."

ज्ञानदाचा ओठ बाहेर आला. दादासोंनी मला तिच्यापुढं धरलं. "लाव की एकदा, पोरी."

तिनं गज ओढला आणि नाक मुरडलं. "याला घोडीचा वास येतो. मी नव्याची वाट बघीन."

तर मित्रांनो, माझी विनंती एवढीच. माझ्यासारख्यांना कोरडं ठेवा, धूळ पुसा, आणि कितीही माया असली तरी तेल लावण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि तुमच्या शेजारी कुणी मोठं माणूस नव्यानं काही शिकत असेल, तर खुशाल खिडकी लावून घ्या. पण हसू नका. हसलात की ते हळू वाजवायला लागतं, आणि हळू वाजवलेला सा कधी सरळ होत नाही.