रियानचा चिमटा

सुबोधचं कंत्राट जूनअखेर संपत होतं. ते वाढलं नाही, तर नेदरलँड्समधल्या हार्लेमचं बिऱ्हाड आवरून पुणं गाठायचं. वाढवणं होतं मॅनेजरच्या, रियानच्या हातात. रियान दक्षिण आफ्रिकेचा. बोलायचा इंग्रजी, पण दर चार शब्दांमागे एक आफ्रिकान्स. म्हणून सुबोधने त्या शब्दांची यादी केली आणि स्लोटरडाइकला ऑफिसात जाताना गाडीत ती पाठ करू लागला. घरी बायको, वीणा, परीक्षा घ्यायची.

"लेकर म्हणजे मस्त. ब्राय म्हणजे निखाऱ्यांवर भाजणं. एयना म्हणजे आई गं. आणि ट्रेकसुद्धा मूळचा त्यांचाच, बरं का!"

"म्हणजे राजगडावर आपण आफ्रिकान्समध्ये धापा टाकत होतो?" वीणाने विचारलं.

मे महिन्यात रियानने ब्रायला बोलावलं. भाजायचं ते ज्याने त्याने आणायचं, असा निरोप होता. वीणाने भरताची दोन वांगी घेतली.

अंगणात रियान शेगडीपुढे धुरात घामाघूम उभा, आणि पाहुणे खुर्च्यांवर आरामात. सुबोधला ते बघवेना. "तुम्ही बसा हो, मी बघतो. लेकर, लेकर!" म्हणत त्याने रियानच्या हातातला चिमटा काढून घेतला.

खुर्च्यांवरचे सगळे वळून बघू लागले.

रियानची बायको हळूच म्हणाली, "चौदा वर्षं झाली लग्नाला. मी अजून त्या चिमट्याला हात लावलेला नाही."

शेगडी ज्याची, चिमटा त्याचाच. हे यादीत नव्हतं. सोवळ्यातलं भांडं परत करावं तसा सुबोधने चिमटा परत केला आणि मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या.

वीणाला चिमट्याची गरजच नव्हती. तिने वांगी निखाऱ्यांत सारली आणि देठाला धरून बोटांनीच फिरवू लागली.

"हातांनी?" रियानने डोळे मोठे केले.

"आमच्याकडे असंच," वीणा म्हणाली, आणि तेवढ्यात चटका बसला. "आई गं!"

"एयना!" रियानच ओरडला, आणि भानावर यायच्या आत त्याने चिमटा तिच्या हातात दिला.

त्याच्या बायकोने हातातला ग्लास खाली ठेवला.

भरीत सगळ्यांना पुरलं नाही. रियानने दोनदा घेतलं होतं.

जूनमध्ये पत्र आलं. कंत्राट आणखी दोन वर्षांसाठी वाढलं होतं. खाली रियानच्या अक्षरात लिहिलं होतं: रविवारी ब्राय. वांगी चार आणणे. चिमटा वीणा धरेल. सुबोधने कांदा चिरावा.

"वाच ना परत," वीणा म्हणाली. "ते शेवटचं."