आत्याचा शब्द

मध्यंतराची शिट्टी झाली तशी लुपे उठली, कमरेला गुंडाळलेली मानाची चटई घट्ट आवळली आणि खेळाडूंच्या पत्र्याच्या खोलीकडे चालू लागली. दारावरचा माणूस मुकाट बाजूला झाला. संघातले निम्मे गडी तिच्या भावांचे लेक, आणि बापाच्या बहिणीला अडवील असा माणूस टोंगाच्या बेटांवर अजून जन्माला यायचाय.

आत तिचा भाचा केपू बाकाच्या टोकाला बसला होता. हाच केपू सिडनीत दहा वर्षं रग्बी लीग खेळला. तीन-तीन गडी अंगावर घेऊन पुढे रेटायचा. मग गुडघा गेला, तो घरी परतला आणि गावाने त्याला कोच केलं. पण एवढ्या रेड्यासारख्या माणसाच्या तोंडून 'नाही' एवढं निघत नसे. पाद्री म्हणेल त्याला घ्यायचं, काका म्हणेल त्याला काढायचं. दोनदा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि दोनदा माती खाऊन आला. आज हरला तर दुसरा कोच आणायचा, असं गावाने बोलूनही टाकलं होतं. आणि फळ्यावर चौदा-सहा, गाव मागे.

लुपेचा नातू मोसेसे, तिच्या लेकीचा मुलगा, पाय पसरून बसला होता. दोनदा त्याच्या हातून चेंडू सांडला होता, एकदा तर जोडीदाराला द्यायचा सोडून एकटाच पळत सुटला. केपू काही सांगायला गेला की हा नुसता हसायचा. आत्याचा नातू मानाने केपूच्या वरचा. वरच्याला खालच्याने काय शिकवायचं!

आत्याला पाहून केपूने मान खाली घातली.

"मोसेसेला बाहेर बसवणार म्हणे तू," लुपे म्हणाली.

केपू बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

"तो खेळेल. शेवटपर्यंत. माझा शब्द आहे."

कुणी वर बघेना. मोसेसेने पाय आणखी लांब केले. केपूचा हात गुडघ्यावरच्या जुन्या व्रणावर गेला आणि तिथेच राहिला.

"नाही, आत्या."

एवढ्या बारीक आवाजात, की तिला कान पुढे करावा लागला.

"काय म्हणालास?"

"नाही म्हणालो. मोसेसे बाहेर बसेल." केपू आता उभा राहिला होता. "आणि तूही बाहेर हो. मला यांच्याशी बोलायचंय."

मोसेसेचे पाय बाकाखाली गेले. लुपेने भाच्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आपली हनुवटी उचलली आणि चालती झाली.

ती जागेवर पोचायच्या आत बातमी पोचली होती. तिची भावजय, केपूची आई विका, तर रडायच्या बेतात. एवढ्या लोकांत आत्याला हाकललं, आता या पोराला कोण वाचवणार, असं तिचं चाललं होतं. लुपेने तिच्या टोपलीतली एक उकडलेली अळकुडी उचलली आणि सगळी खाल्ली. सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

त्यानंतर जे झालं ते गाव अजून सांगतं. केपूने कडेवरून नुसता हात केला की तेराच्या तेरा गडी वळत. कुणी हसलं नाही, कुणी उलट विचारलं नाही. चेंडू रेषेपार टेकवून पहिला ट्राय कोपऱ्यात झाला, दुसरा थेट खांबांच्या मधोमध. अठरा-चौदा. लोकांनी केपूला खांद्यावर घेतलं, आणि चर्चचा ढोल कुणी वाजवायला घेतला ते पाद्र्यालाही कळलं नाही.

जेवणावळीत भुईत भाजलेल्या डुकराचा मानाचा वाटा रीतीप्रमाणे लुपेपुढे ठेवला गेला. केपू नवी चटई नेसून आला आणि मांडी घालून तिच्यासमोर बसला. आसपासची बोलणी थांबली.

"आत्या, माफ कर. सगळ्यांदेखत तुझा शब्द मोडला."

लुपेने कुरकुरीत कानाचा तुकडा मोडला, सावकाश चावला.

"दोन वर्षं लावलीस," ती म्हणाली. "नातवाचं नाक कापून घ्यावं लागलं मला."

केपूने मान वर केली. ती दुसरा तुकडा मोडत होती.

"जा, पाणी आण मला."

तो ताडकन उठला.

लुपेने कपाळावर हात मारून घेतला.

"नाही म्हण की, मेल्या."