खळीला लागलेल्या मुंग्या

पुठ्ठेकाकांचा मुंग्यांवर राग नव्हता. राग होता सुनेवर, आणि मुंग्या हा तिच्याविरुद्ध त्यांच्या हाती लागलेला पुरावा होता.

त्या अरुंद दुकानात चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली होती, इतकी की गल्ली त्यांचं खरं नाव कधीच विसरून गेली होती. पुठ्ठा, दोरा, कापड बाजारातून यायचं. खळ मात्र रोज सकाळी ते स्वतः शिजवायचे. मैदा, पाणी आणि उतरवताना चमचाभर कुटलेली तुरटी. तुरटी पडली की खळीला बुरशी धरत नाही, कीड फिरकत नाही. फळीवर तुरटीची बरणी आणि चहाच्या साखरेची बरणी शेजारीशेजारी असायच्या, दोन्ही काचेच्या, दोन्हींत पांढरा चुरा. सुनेने एकदा साखर खालच्या कप्प्यात नेली, तर काकांनी आरडाओरडा करून ती परत वर ठेवायला लावली. बोटाच्या टोकाने चाखून कोणती बरणी कुठली हे ठरवायची त्यांची जुनी सवय होती, आणि तिचा त्यांना तोरा होता. शिजलेली खळ दुपारपर्यंत निवायची. जेवून डुलकी काढली की ते ती वापरायला घ्यायचे.

तर अशा खळीच्या पातेल्याला तीन महिन्यांपासून मुंग्या लागत होत्या. गेल्या आठवड्यात वाचनालयाच्या बाईंनी तीन महिन्यांपूर्वी बांधून नेलेला जाडजूड कोश परत आणून टेबलावर ठेवला. "काका, तुमच्या बांधणीतून मुंग्या निघाल्या. पुन्हा असं झालं तर मला दुसरा बाइंडर बघावा लागेल." काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सून दुकानात यायला लागून वर्ष होत आलं होतं. शिवण सुरेख घालायची, हात हलका, तोंड बंद. ते बंद तोंडच काकांना खुपायचं. आणि हल्ली तर तिचं मुंग्यांशी साटंलोटं असावं असं सगळं चाललं होतं. पहिली मुंगी दिसायच्या आतच हिच्या हातात व्हिनेगरचं फडकं तयार. टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, खिडकीच्या फटीत लिंबाची सालं, भिंतीच्या भेगेत मिरपूड, दाराशी खडूची जाड रेघ.

"मुंग्या वासावर चालतात बाबा," ती सांगायची. "वाट पुसली की हरवतात."

तुला बरी त्यांची वाट ठाऊक, काका मनात म्हणायचे. मुलाने मध्यंतरी दोनदा "बाबा, आता घरी आराम करा" असं सुचवलं होतं. ते बोल कुणाचे, हे न कळायला काका दुधखुळे नव्हते. दुकानाचं नाव खराब झालं की म्हातारा आपसूक घरी बसेल आणि हिला रान मोकळं. पण ते इतक्या सहज हटणारे नव्हते. त्यांनी मुलाला फोन करून बजावलं, संध्याकाळी दुकानात ये, तुझ्या बायकोबद्दल बोलायचंय. उद्यापासून तिने या दुकानाची पायरी चढायची नाही, एवढंच ते सांगणार होते. फक्त तिला रंगेहाथ पकडायचं राहिलं होतं.

म्हणून त्या दुपारी ते मागच्या खोलीत खाटेवर पडले आणि घोरण्याचं सोंग घेतलं. सोंग इतकं छान वठलं की खरीच झोप लागायची वेळ आली. मग पडद्याच्या फटीतून त्यांना दिसलं. सुनेने त्यांची खळ मोरीत ओतली, पातेलं घासलं, नवा मैदा कालवला आणि शेगडीवर ठेवून भराभर ढवळायला लागली. शेवटी तिने बरणीतून चमचाभर काहीतरी टाकलं.

काका पडदा सारून बाहेर आले. "काय घातलंस त्यात?"

ती दचकली, पण चमचा सोडला नाही. "तुरटी."

"तुरटी मी सकाळी घातली होती."

काकांचा आवाज चढला. "तीन महिने हा खेळ चाललाय. तुला वाटतं मला दिसत नाही?"

सुनेने शेगडी बंद केली. दोन्ही बरण्या खाली काढल्या आणि उघडून त्यांच्यापुढे ठेवल्या. "बाबा, यातली तुरटी कुठली?"

काका तुच्छतेने हसले. पहिल्या बरणीत बोट घालून चाटलं. मग दुसरीत. मग पुन्हा पहिलीत. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. खिडकीतलं लिंबाचं साल उचलून त्यांनी करकचून चावलं. तोंडात नुसता चोथा फिरत होता. त्यांना भीती वाटली.

"तुम्हाला तीन महिन्यांपूर्वी तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून," सून हळू म्हणाली. "एकदा माझ्याकडून चहात चुकून मीठ पडलं. मी पहिल्याच घोटाला थुंकले. तुम्ही कप संपवून छान झालाय म्हणालात. मग मी सकाळी तुमच्याकडे लक्ष ठेवायला लागले. तुम्ही साखर चाटायचात, मान हलवायचात आणि तीच खळीत घालायचात. तो कोश माझ्या लक्षात यायच्या आधीचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही पुन्हा खळीला हात लावला नसता."

काका स्टुलावर बसले. ते खरं होतं. हिने जवळजवळ तीन महिने रोज दुपारी दुसऱ्यांदा खळ शिजवली होती आणि आपण तिच्यावर पाळत ठेवत होतो, याची त्यांना इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

संध्याकाळी मुलगा आला. आधी बायकोकडे बघितलं, मग बापाकडे. "काय बोलायचं होतं, बाबा?"

काकांनी घसा खाकरला. "मला चव कळत नाही. तीन महिने मी खळीत साखर घालतोय. हिने दुकान सांभाळलं." सुनेकडे बोट दाखवून ते म्हणाले, "उद्यापासून खळ ही शिजवेल."

"नाही," सून म्हणाली. "शिजवायची बाबांनीच. मी फक्त चाखणार."

"मग तुझा चमचा वेगळा ठेव," काका खेकसल्यासारखे म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही बरण्या तिच्यापुढे सरकवल्या.