इलुप्पैच्या राईत

थंडीतल्या तापात माझं नाक गेलं. म्हणजे जागेवर आहे, चष्मा ठेवायला उपयोगी पडतं, पण वास म्हणून काही कळत नाही. फिल्टरची कॉफी आणि गरम पाणी यांत माझ्यापुरता फरक उरला नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही. एवढं सांगायला फी कशाला लागते, देव जाणे.

मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण एका सकाळी दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस सुटला आणि मी पुढच्या खोलीत पूजेची फुलं ओवत निवांत बसले होते. समोरच्या घरातली हरिणी रस्त्यावरूनच वास येऊन धावत आली. तिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मला न विचारता चेन्नैला माझ्या मुलाला फोन लावला. जीव वाचवला म्हणून तिच्यावर धड रागावताही येईना.

गिरीश शनिवारी हजर झाला.

"अम्मा, आतां पुरे. पाडव्याला तूं चेन्नैंत पाहिजेस. हें घर बंद करूं."

गिरीश चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण त्यांच्या फ्लॅटमध्ये मी पाहुणी असेन, मरेपर्यंत पाहुणी. कुंभकोणममध्ये भाजीवाली माझ्याशी भांडते, देवळातले गुरुजी माझी वाट पाहतात. हे सोडून मी जाणार नव्हते. म्हणून मी सरळ खोटं बोलले.

"नाक परत आलेंय माझें. विश्वास नसेल तर उद्यां साक्कोट्टैपुढें इलुप्पैच्या राईंत चल. एकेक फूल हुंगून सांगतें."

हिशोब पक्का होता. इलुप्पै म्हणजे आपलं मोहाचं झाड. फाल्गुनात त्याची फुलं पहाटे टपटप गळतात आणि त्यांचा वास गावात कुणाला ठाऊक नाही? पाठ केलेला धडा म्हणून दाखवायचा, एवढंच काम.

सकाळी बसनं साक्कोट्टैला उतरलो. हरिणीही आली, म्हणाली, "मज पण फुलं पाहायाचीं आहेत, मामी." फुलं कसली, तिला निकाल पाहायचा होता. अरसलार नदीच्या बांधावरून वाट सपाट आहे, माझ्या गुडघ्यांनीही तक्रार केली नाही. बांधाच्या कडेला तुंब्याची पांढरी फुलं उगवली होती, गवतात निळी इवलाली कसलीशी होती, पोपट ओरडत होते. खोटं बोलायला निघालेल्या बाईनं इतकं खूश होऊ नये, पण मी झाले.

राईत शिरलो. जमिनीवर फिकट पिवळ्या फुलांचा सडा पडला होता. मी एक उचललं, डोळे मिटले आणि म्हणाले, "गुळाच्या पाकासारखा. थोडा आंबूस. डोकें जड करणारा."

गिरीशनं स्वतः हुंगून पाहिलं. "बरोबर," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण मागं हटायची वेळ गेली होती. तुंब्याला मी 'तुळशीच्या जातीचा, उग्र' म्हटलं, तेही चाललं. गिरीश पाडव्याला इकडेच येण्याच्या गोष्टी करू लागला. तिथंच थांबले असते तर!

राईच्या टोकाला पळस फुलला होता. पान एक नाही, सगळं झाड केशरी. मला राहवलं नाही. पडलेलं टपोरं फूल उचलून नाकाला लावलं आणि छातीभर श्वास घेतला.

"अहा. चंदनासारखा. पण गोड."

हरिणीनं एक फूल उचलून हुंगलं आणि खाली पाहू लागली.

"अम्मा," गिरीश हळूच म्हणाला, "पळसाला वास नसतो."

साठ वर्षं मी फुलं हाताळते आहे आणि मला हे माहीत नव्हतं. असणार कसं? आमच्या घरचा नियम, हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. लहानपणी फुलं ओवताना आई माझी मान बाजूला वळवायची. मोगऱ्याचा वास आपण होऊन आला तर आला, फूल नाकाशी म्हणून कधी नेलं नाही. पळसाच्या समिधा ओळखते, पत्रावळी टाचल्या आहेत, पण त्याचं फूल आज पहिल्यांदा नाकाला लावलं, आणि तेही नाक गेल्यावर.

"सामान बांधूं घरीं जाऊन," गिरीश म्हणाला. रागानं नाही, दमून. त्याचंच मला जास्त लागलं.

मी एका झाडाच्या मुळावर बसले. "नाक गेलेंय. खोटें बोललें, चुकलें. गॅस सुटला तेव्हां मीही भ्यालें, रात्रीं झोंप नाहीं आली. पण घर मी सोडणार नाहीं."

"आणि पुन्हां गॅस सुटला तर?"

"सुटणार नाहीं. सिलिंडर आज परत देतें. विजेची शेगडी आण."

गिरीश माझ्याकडे बघत राहिला. विजेची शेगडी त्यानं तीनदा आणली होती, तीनदा मी परत पाठवली होती. नैवेद्य अग्नीवरच शिजला पाहिजे, माझ्या सासूचा शब्द, तिच्या सासूचाही. तो शब्द मोडायचा म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं.

"देवाला काय सांगशील?"

"त्याला माझ्या हातचें खायाचें असेल तर विजेवरचें खाईल. त्याचें मी बघून घेतें. तूं तुझें सांग."

तो हरिणीकडे वळला. मग म्हणाला, "हरिणी, रोज सकाळीं एकदां आंत डोकावशील?"

"कॉफी मिळाली तर," हरिणी म्हणाली.

"चव काय असेल तें विचारूं नको," मी म्हटलं. गिरीश हसला, आणि मला कळलं की मी जिंकले. डोळे भरून आले, लपवले नाहीत.

निघताना मी वाकून इलुप्पैची ओंजळभर फुलं पदरात घेतली.

"पूजेला?" हरिणीनं विचारलं.

"नाहीं. हुंगायला. हीं माझीं."

बांधावर चालता चालता एक फूल नाकाशी धरून मी दीर्घ श्वास घेतला.

"काय कळतेंय, अम्मा?" गिरीशनं विचारलं.

"कांहीं नाहीं," मी म्हटलं आणि दुसरं फूल उचललं.