खोलीत कोणी नाही

काका आमच्याकडे राहायला आले ते "बघू, जमलं तर" एवढंच म्हणून. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान ज्या इमारतीत होतं ती पाडली. ते दुकानामागच्याच खोलीत राहत असल्यामुळे दुकान आणि घर एकाच दिवशी गेलं. लग्न केलेलं नाही. भिडस्त इतके, की स्वतःला पाणी हवं असलं तरी आधी तुम्हाला तहान लागलीय का ते विचारतील. आईने स्वयंपाकघराला लागून असलेली अडगळीची खोली रिकामी करून त्यांना दिली. त्यांनी दारासमोर टेबल मांडलं, भिंग आणि चिमटे काढले. कपडे मात्र बॅगेतच ठेवले.

"बॅग रिकामी केली का गं त्याने?" बाबा रोज हळूच विचारायचे.

"नाही."

"तू काही बोललीस का, राहा म्हणून?"

"मी कशाला? तुमचा भाऊ."

"मी म्हटलं तर आग्रह होईल. आग्रह केला की तो निघतो. लहानपणापासून तसाच आहे."

त्यामुळे त्यांनी राहावं असं सगळ्यांना वाटत होतं आणि कोणीच ते म्हणत नव्हतं.

त्या खोलीचा एकुलता एक स्विच स्वयंपाकघरात होता, तोही फ्रीजच्या मागे. म्हणून मी तिथे आधीच सेन्सर लावला होता. कोणी हललं की दिवा लागतो, बराच वेळ कोणी हललं नाही की विझतो. घरातल्या यंत्रांबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. यंत्र इंटरनेट बंद असतानाही चाललं पाहिजे. ज्या प्रोग्रॅमचा कोड आपल्याला वाचता येत नाही, त्याच्या हाती घराची किल्ली देऊ नये. जुना लॅपटॉप फेकू नये. आमचं सगळं घर एका स्क्रीन फुटलेल्या लॅपटॉपवर चालतं. तो चपलांच्या रॅकवर असतो आणि येणारेजाणारे त्यावर छत्र्या ठेवतात. त्यातला प्रोग्रॅम जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात, एक पैसा न घेता लिहिलेला आहे. आईच्या मते या लोकांना घरी काम सांगणारं कोणी नसावं.

चांगलं यंत्र कोणाला समजावून सांगावं लागत नाही, हेही माझं एक मत. त्यामुळे सेन्सरबद्दल मी काकांना काही सांगितलं नाही.

घड्याळ दुरुस्त करणारा माणूस कसा बसतो हे मी तोवर नीट पाहिलं नव्हतं. कोपरं टेबलाला टेकलेली, डोळ्याला भिंग, आणि बोटं हललीच तर केसाच्या जाडीइतकी. सेन्सरच्या लेखी खोली रिकामी. माझ्या फोनवर "खोलीत कोणी नाही" असं झळकायचं आणि दिवा जायचा. काका मान वर करून स्वयंपाकघराकडे बघायचे, हात हलवायचे. दिवा परत यायचा.

"भाऊजी मला सारखे टाटा का करतात गं?" आईने मला विचारलं.

"मग तू काय करतेस?"

"मीही करते. बरं दिसत नाही नाहीतर."

मला हा निव्वळ तांत्रिक प्रश्न वाटला. आधी मी सेन्सर जास्त संवेदनशील केला. त्यावर त्याने पडद्याचीही दखल घेतली आणि दिवा दिवसभर जळू लागला. काका फ्रीजमागे हात घालून तो बंद करत. बल्ब सापडत नसल्याचा निरोप माझ्या फोनवर येई, मग मी फ्रीजमागे हात घालून तो चालू करी. याबद्दल आम्ही एकमेकांना काहीही विचारलं नाही. भिडस्तपणा आमच्या घराण्यातच आहे.

मग मी आमच्या हौशी मंडळींच्या फोरमवर प्रश्न टाकला: एक माणूस अजिबात हलत नाही, तरी दिवा चालू कसा ठेवावा? पहिलं उत्तर आलं, "डॉक्टरांना बोलवा." पुढच्या दोघांचं आपसातच भांडण जुंपलं. चौथ्याने कामाचं सांगितलं: रडारवाला सेन्सर घे, तो श्वासाने होणारी छातीची हालचालसुद्धा टिपतो. मी तो मागवला, बसवला. श्वास चालू तर माणूस आहे, नाहीतर नाही. यात वाट बघण्यासारखं काय आहे? म्हणून दिवा विझण्याआधीची मुदत मी शून्य ठेवली.

आणि ते जमलं. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी बॅगेतून एक शर्ट काढून खुंटीला टांगला.

"शर्ट बाहेर आलाय," बाबा माझ्या कानात म्हणाले. लॉटरी लागल्यासारखे.

त्या संध्याकाळी काका आईचं बंद पडलेलं घड्याळ जोडत होते. सगळं झालं होतं, फक्त आतलं बारीक चाक बसवून त्याचा पेच लावायचा होता. हे काम करताना हात हलू नये म्हणून घड्याळवाले श्वास रोखतात.

दिवा गेला. अंधारातून काकांच्या तोंडची पहिली शिवी ऐकू आली, तीही अर्धीच. मग दिवा लागला आणि जरा वेळाने काका बाहेर आले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातावर शर्ट.

"वहिनी, निघतो मी."

"आत्ता? पानं घेतेय मी."

"रोजचं ठीक होतं. पण ऐन कामाच्या वेळी दिवा घालवलात. घड्याळ तुमचंच होतं."

"मी घालवला?"

"वीज जळते, मला कळतं. पण तोंडाने सांगितलं असतंत तरी चाललं असतं. दर वेळी हात वर करून परवानगी मागायची म्हणजे..."

"तुम्ही टाटा करत होतात ना?"

"मी दिवा मागत होतो."

आईने लाटणं पोळपाटावर ठेवलं. "भाऊजी, त्या फ्रीजमागे मी झाडूसुद्धा घालत नाही."

बाबा खाकरले. "मग मी जरा जास्त वेळ आंघोळ केली की गीझर कोण बंद करतं? मला वाटायचं, तूच."

"मी? मला वाटायचं तुम्ही. डोक्याला साबण असताना गार पाणी आलं होतं मला. आठवडाभर बोलले नाही तुमच्याशी."

"कधी?"

"तुम्हाला कळलं नाही, ते वेगळं."

मग तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"ऊर्जेची बचत होते," मी म्हणाले.

कोणाला ते पटल्यासारखं दिसलं नाही. मी सगळं सांगितलं: सेन्सर, रडार, श्वास, शून्य. काकांनी बॅग खाली ठेवली, पण पट्टा सोडला नाही.

"म्हणजे वहिनींनी एकदाही नाही?"

"एकदाही नाही. दिवा लॅपटॉप घालवतो."

"कुठला लॅपटॉप?"

"छत्र्यांखालचा."

काकांनी पट्टा सोडला. "आधी तो पेच शोधू," ते म्हणाले. "उडालाय कुठेतरी."

पेच रव्याच्या कणाएवढा. आम्ही चौघं टॉर्च घेऊन गुडघ्यांवर रांगू लागलो. "दिसला," काका पुटपुटले, "टेबलाच्या पायाशी. कोणी हलू नका, श्वाससुद्धा सोडू नका, उडेल." आम्ही चौघांनी श्वास रोखला.

दिवा गेला.

"आता आपण चौघंही नाही," काका म्हणाले, आणि हसू लागले. मग आईला हसू आलं, बाबांना ठसका लागला, आणि इतके श्वास एकदम सुटले की खोली लख्ख उजळली. पेच मात्र परत उडाला. तो नंतर बाबांच्या गुडघ्याला चिकटलेला सापडला.

दुसऱ्या दिवशी आईने इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मला कोणी विचारलं नाही. काकांना मात्र विचारलं, स्विच कुठे हवा. काका म्हणाले, कुठेही चालेल.

"बाहेरून पट्टी मारून वायर घेऊ की भिंतीतून?" इलेक्ट्रिशियनने विचारलं. "थोड्या दिवसांपुरतं असेल तर पट्टीच बरी. कधीही काढता येते. भिंत फोडली की ते कायमचं काम."

बाबा खिडकीतून बाहेर बघू लागले. आईने हातातलं फडकं पिळायला घेतलं, ते कोरडंच होतं. मी फोनमध्ये डोकं घातलं. हे माझ्या क्षेत्रातलं नव्हतं.

काका टेबलाशी बसले. भिंग डोळ्याला लावलं, आणि त्यातून नजर न काढता डावा हात भिंतीकडे नेला. जिथे टेकला तिथे पेन्सिलने फुली मारली.

"इथे," ते म्हणाले. "दाराशी नको. माझ्या हाताशी हवा."

"पट्टी?"

"भिंतीतून." मग त्यांनी आईकडे पाहिलं. "वहिनी, रंग नवा आहे तुमचा."

"फोडा हो तुम्ही," आई इलेक्ट्रिशियनला म्हणाली. "आणि बॉक्स मोठा बसवा. पंख्याचं बटणही त्यातच घ्या, उन्हाळ्यात परत फोडायला नको."

त्याने छिन्नी लावली.

"जरा जपून," बाबा म्हणाले.

"तुम्ही बाहेर जा," आई म्हणाली.